बुटक्यांच्या पलटणीचा नगारची

कवळीवाल्यांकडे पहिला बुटका योद्धा आला तो रुग्ण म्हणून. एका दंतवैद्यबाईंनी जबड्यांच्या ठशांच्या खोक्यात, कापसात गुंडाळून, आपल्या मुलाच्या खेळातला बोटाच्या पेराएवढा सैनिक पाठवला होता. त्याचा कुऱ्हाडीचा हात खांद्यापासून तुटलेला. फोनवर बाई म्हणाल्या, "याचाही हात बसवून द्या. शहाणा आहे, भूल लागणार नाही."

कवळीवाले म्हणजे दंतवैद्यांसाठी कवळ्या आणि कॅप घडवणारे कारागीर. इमारतीच्या मागच्या बाजूला असलेल्या त्यांच्या खोलीत दिवसभर प्लास्टरची धूळ उडे आणि मेणाचा वास दरवळे. त्यांनी हिरड्यांसाठीच्या गुलाबी मालातून सैनिकाचा हात घडवला, रंगवला, आणि मग दिव्याखाली त्याचा चेहरा पाहत बसून राहिले. दाढी पोटाखाली उतरलेली, चिलखत अंगाला सैल, आणि डोळ्यांत भरल्या ताटावरून उठून आल्याचा भाव. सैनिक दुसऱ्या दिवशी आपल्या घरी गेला. कवळीवाल्यांचे मन मात्र त्याच्यामागून गेले.

अशी मंडळी भेटतात कुठे, याची चौकशी करत ते सायकलदुरुस्तीच्या दुकानावरच्या एका लांबट खोलीत पोहोचले. तिथे रविवारी मोठी माणसे मोठ्या टेबलांवर लढाया खेळत. थर्माकोलचे डोंगर, स्पंजची झाडे, आणि भिंतीवरच्या खिळ्यांना शिंप्याकडे असतात तशा टेपा. कारण सैनिकाने किती पुढे जायचे हे तिथे घरे मोजून नव्हे, इंच मोजून ठरते. कोण पडले आणि कोण तगले, ते फासे सांगतात. खोलीचा नियम एकच आणि कडक: बिनरंगी सैनिक टेबलावर चढणार नाही.

घरी या नादाचे स्वागत व्हायचे तसेच झाले. बायको म्हणाली, "अहो, आठवडाभर लोकांचे जबडे, रविवारी बुटक्यांच्या दाढ्या. माझ्या तोंडाकडे कधी बघणार?" मेहुणे दारातूनच विचारत, "दाजी, बाहुल्या निजल्या का? मग जरा मोठ्यांचं बोलू." कवळीवाले हसत आणि ब्रशचे टोक ओठांवर ओले करून पुढची दाढी रंगवायला घेत.

बाकीचे लोक सैनिक गोणीने आणत. कवळीवाले एकेक निवडत. ज्याने शस्त्र डोक्यावर उगारले आहे तो नको; असा माणूस लढण्यापेक्षा दिसायलाच आलेला असतो. ज्याचे तोंड ओरडायला वासले आहे तोही नको. पाय जमिनीवर नीट रोवलेले हवेत आणि चेहऱ्यावर काहीतरी मागे ठेवून आल्याची खूण हवी. शिवाय सगळे सैनिक जुन्या शिशा-कथलाच्या ओतकामाचे, एकाच कारखान्याचे हवेत. तो कारखाना केव्हाच बंद पडलेला. त्यामुळे एकेक बुटका कुणाच्या माळ्यावरून, कुणाच्या मोडीतून हुडकावा लागे. बायको म्हणे, "लेकीसाठी स्थळ बघताना एवढी चिकित्सा केली असतीत, तर ती अजून आपल्याच घरात असती."

अशी वर्षे सरली आणि पलटण उभी राहिली. निशाणवाला आला, कुऱ्हाडवाले आले, पखालवालासुद्धा आला. राहिला तो नगारची. खेळाच्या नियमात त्याची काही गरज नव्हती. पण कवळीवाल्यांच्या मनाने घेतले होते की त्याच्यावाचून पलटण अपुरी, आणि अपुरी पलटण मोठ्या लढाईला न्यायची नाही.

या हट्टाचा जाच एकाच माणसाला होता. तो म्हणजे लिफ्टवाले, लिफ्टदुरुस्तीच्या कामातून निवृत्त झालेले, कवळीवाल्यांहून वयाने बरेच मोठे. त्यांच्याकडे दैत्यांची फौज होती. तिच्यात निवड म्हणून नव्हती; एकाचे मुंडके दुसऱ्याला आणि तिसऱ्याचे शेपूट चौथ्याला चिकटवलेले. दोघांच्या चकमकी दर रविवारी होत. मात्र सगळे सैन्य दोन्ही बाजूंनी उतरवून दिवसभर चालणारी ती मोठी लढाई पुढे पुढेच जात राहिली.

"तुझा नगारची सापडेपर्यंत माझ्या दैत्यांना कवळ्या लागतील," लिफ्टवाले म्हणत.

"लावून देईन की."

"लावून घ्यायला मी असायला हवा ना समोर!"

हे सारे थट्टेत चाले. मग एका रविवारी, टेबलाखाली गेलेला फासा शोधता शोधता, वाकलेल्या अवस्थेतच लिफ्टवाले म्हणाले, "मुलाकडे जातोय रे. कायमचा. पुढच्या महिन्यात सामान निघेल." फासा हाताला लागला तरी ते लगेच वर आले नाहीत.

आता नगारची मिळाला नाही, तर लढाई होणार नव्हती. आणि आता झाली नाही, तर कधीच होणार नव्हती. कवळीवाल्यांनी ओळखीपाळखीच्या सगळ्या संग्राहकांना गळ घातली. अखेर घर आवरायला काढलेल्या एका गृहस्थाच्या खोक्यात तो सापडला. अंगावर रंगाची पुटे इतकी, की नाकडोळेही बुजलेले. पण गळ्यात नगारा होता, पाय रोवलेले होते, आणि तळहातावर घेताच धातूचे वजन जाणवले.

जुना रंग उतरवण्याची त्यांची रीत ठरलेली होती. बरणीत थिनर ओतायचे, सैनिक सोडायचा, झाकण लावायचे आणि जेवायला जायचे. आजवर शिशाच्या एकाही बुटक्याला त्याची बाधा झाली नव्हती. त्या दिवशी ते जेवून आले, तर बरणीच्या तळाशी लोखंडी वायसर पडला होता आणि त्याला चिकटून मेणबत्तीच्या बुडख्यासारखा करडा गोळा. नगारची प्लास्टिकचा होता. टेबलावर कलंडू नये म्हणून कुणीतरी त्याच्या बैठकीखाली वायसर चिकटवलेला. वजन होते ते त्याचे. कॅप हातात घेताच ती कशाची आहे हे सांगणाऱ्या माणसाने सैनिकाला साधे नख लावून पाहिले नव्हते.

संध्याकाळी मेहुणे आले. त्यांनी बरणी उजेडात धरली आणि पहिल्यांदाच त्यांना थट्टा सुचली नाही.

"दाजी, तुम्ही अख्खा जबडा उभा करता. एवढासा बुटका नाही होणार?"

"होईल. पण तो खरा नसेल. त्या कारखान्याचा नसेल."

"कवळी तरी कुठे खरी असते? माणूस जेवतो ना तिने?"

बायको आतून म्हणाली, "आज पहिल्यांदा माझा भाऊ कामाचं बोलला."

दुसऱ्या दिवशी कवळीवाल्यांनी निळे मेण तापवले आणि ज्या सुरीने दाढांचे उंचवटे कोरत त्याच सुरीने दाढीच्या बटा कोरल्या. मेणाच्या बुटक्याभोवती साच्याचा गारा ओतला. भट्टीत मेण वितळून गेले आणि मागे राहिलेल्या पोकळीत कॅपसाठीचा धातू गेला. गार झालेला साचा फोडला, तेव्हा नगारची उभाच्या उभा बाहेर आला. चेहरा अपेक्षेहून बरा होता. नगाऱ्याच्या मधोमध मात्र हवेचा बुडबुडा अडकून आरपार भोक पडले होते.

असली कॅप त्यांनी बिनदिक्कत टाकून दिली असती. साचा फुटलेला, मेण गेलेले. पुन्हा करायचा तर सगळे मुळापासून, आणि लिफ्टवाल्यांचा शेवटचा रविवार तर उद्यावर आलेला. त्यांनी सैनिक कचऱ्याच्या डब्यावर धरलाही. मग हात मागे घेतला, खुर्ची ओढली आणि रंग कालवायला बसले. भोक बुजवायला पुट्टीची डबी उघडली होती. तीही बंद करून ठेवली.

रविवारी टेबलाच्या एका कडेला दैत्य आणि दुसऱ्या कडेला बुटके असे ओळीने लागले. लिफ्टवाल्यांनी चष्मा कपाळावर चढवून नगारची डोळ्यांजवळ नेला.

"हा कुठल्या कारखान्याचा?"

"आमच्याच."

"नगारा फुटलाय."

"लढाईला आलाय. फुटायचाच."

"मग वाजतो कसा?"

"तुम्हाला आता ऐकू कमी येतं, तुम्ही कशाला काळजी करता?"

लिफ्टवाले इतके हसले की शेजारच्या टेबलांवरचे खेळ थांबले. लढाई सुरू झाली. दुपार व्हायच्या आत दोन शेपट्यांच्या एका दैत्याने मुसंडी मारली, फाशांनी त्याला साथ दिली आणि नगारची पडला. लिफ्टवाल्यांनी त्याला दोन बोटांनी अलगद उचलून टेबलाबाहेर आपल्या चष्म्याच्या घराशेजारी ठेवले आणि समोर पाहिले.

"थांबायचं का रे?"

"छे, खेळी माझी आहे," कवळीवाले म्हणाले, आणि टेप ओढून त्यांनी सगळी ओळ पुढे सरकवायला घेतली.