अप्पांच्या गाठी आणि माझी यादी

माझ्या वडिलांचा धंदा बुडवायचा प्रयत्न मी आयुष्यात एकदाच केला, आणि तोही व्यवस्थित यादी करून केला.

हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्याकडे चार माणसं जमली की कोणीतरी ही गोष्ट काढतंच आणि दर वेळी माझा मूर्खपणा थोडा वाढवून सांगतं. आत्या तर हल्ली असं सांगते, की मी घराला आग लावली होती. आग लागली नव्हती. साधा फ्यूजसुद्धा उडाला नव्हता. तेव्हा एकदा मीच लिहून काढलेलं बरं.

अप्पा म्हणजे माझे वडील. कोल्हापूरच्या पेठांमध्ये अजून लाकडी पट्ट्यांवरून वायरी पळत होत्या, तेव्हा त्यांनी शाहूपुरीत इलेक्ट्रिकचं दुकान टाकलं. आधी पंखे दुरुस्ती, मग मोटारी, मग घरांच्या फिटिंगची लहानसहान कामं. नव्वद सालानंतर गाव चारी अंगांनी फुगायला लागलं. काल जिथं ऊस होता तिथं आज प्लॉटचे दगड. अप्पांनीही असाच एक प्लॉट घेतला, घर बांधलं आणि त्या भागात तोवर कुणी केलं नव्हतं ते केलं: सगळी वायरिंग भिंतीच्या पोटात. बाहेर एक वायर दिसणार नाही. लोक बांधकाम बघायला यायचे आणि विचारायचे, लाईट मग येणार कुठनं? अप्पा म्हणायचे, "भिंतीला इचारा की."

हे घर जितकं राहायला होतं, तितकंच दाखवायला होतं. जवळच शिक्षकांच्या सोसायटीची चाळीस घरं उभी राहत होती आणि सगळ्यांची फिटिंग एकाच ठेकेदाराला द्यायची होती. सोसायटीचे चेअरमन चौगुले गुरुजी, निवृत्त मुख्याध्यापक. त्यांनी निरोप दिला होता की वास्तुशांतीला येतो, काम डोळ्यांनी बघतो आणि तिथंच काय ते सांगतो. सांगलीची एक मोठी पार्टी त्यांच्या मागे लागलेली होतीच. चाळीस घरं मिळाली तर अप्पा ठेकेदार. न मिळाली तर जन्मभर पंखेवाले अप्पा. हिशेब इतका सरळ होता.

मी तेव्हा बी.कॉम. होऊन दुकानात बसत होते. पहिल्याच महिन्यात मी प्रत्येक खोक्यावर, बरणीवर आणि खिळ्यावर चिठ्ठी लावली. अप्पांबरोबर पंचवीस वर्षं काम केलेले वायरमन दत्तूमामा एकदा म्हणाले, "ताई, उद्या माझ्याबी कपाळावर चिठ्ठी लावशीला." (मी तसा विचार केला होता. पण घामानं टिकली नसती.)

अप्पांची पद्धत माझ्या बरोबर उलटी. कागदावर अक्षर नाही. वायर सगळी एकाच रंगाची, लाल, कारण लाल वायरीची बंडलं त्यांना एकगठ्ठा मिळाली होती. बटणांच्या बोर्डासाठी भिंतीत बसवलेल्या प्रत्येक खोक्यातून दहा-बारा लाल शेपट्या लोंबत होत्या. त्यातली कुठली कशाची, हे अप्पा गाठींवरून ओळखायचे. एक गाठ म्हणजे दिवा. दोन म्हणजे पंखा. तीन म्हणजे प्लग. बेलच्या वायरीला फास. बाकीचा नकाशा कोळशानं भिंतीवर काढलेला.

वास्तुशांतीच्या पाच दिवस आधी अप्पा आणि दत्तूमामा हातकणंगल्याला एका गिरणीची मोटार बसवायला गेले. दोन दिवसांचं काम होतं. जाताना अप्पा मला एवढंच म्हणाले, की रंगवाल्यावर लक्ष ठेव, घर लखलखीत दिसलं पाहिजे. ही सूचना मी लिहून घेतली आणि तिच्या खाली सतरा मुद्दे काढले. मुद्दा चार: भिंतीवरचे कोळशाचे डाग काढणे. मुद्दा सहा: लोंबत्या वायरी नीट करणे.

आता तुम्ही विचाराल, इलेक्ट्रिकवाल्याच्या मुलीला गाठींचा अर्थ माहीत नव्हता? नव्हता. मी हिशेब आणि माल बघत होते. साइटवर मला कुणी नेलंच नव्हतं. वायर पाइपात परत सरकू नये म्हणून गाठ मारतात, असं मला वाटायचं. लेंग्याच्या नाडीला मारतात तशी!

मी एक पूर्ण दुपार बसून घरभरच्या गाठी सोडवल्या. एकशे चौदा वायरी. (मोजल्या. मी सगळं मोजते.) मग सगळ्यांची टोकं एका मापात कापली, प्रत्येक खोक्यातल्या वायरींची जुडी केली आणि रबर लावलं. तोवर रंगवाल्यानं कोळशाच्या खुणांवर पहिला हात मारला होता. आई चहा घेऊन आली, सगळीकडे फिरून बघितलं आणि म्हणाली, आता कसं घर वाटतंय. (गोष्ट सांगताना हे वाक्य सगळे गाळतात.)

अप्पा परतले. पहिल्या खोक्यासमोर उभे राहिले. दुसऱ्या खोलीत गेले, तिथल्या खोक्यासमोर उभे राहिले. मग सिमेंटच्या पोत्यावर बसले आणि एक जुडी हातात धरून अगदी हळू आवाजात म्हणाले, "दत्तू, ही वायर कशाची?"

"लाल हाय, अप्पा."

"आणि ही?"

"ही बी लालच."

मी यादी पाठीमागे लपवली.

आईनं सुचवलं, की समारंभ पुढं ढकलू. पत्रिका वाटून झाल्या होत्या. दत्तूमामांनी दबकत सुचवलं, की ओळखीचा एखादा इलेक्ट्रिशियन मदतीला आणू. तेव्हा मात्र अप्पा उठून उभे राहिले. "माझ्या घरात दुसऱ्याचा टेस्टर शिरला, तर दुकानाची पाटी उतरवून चुलीत घालतो."

मग सुरू झाली शोधमोहीम. रीत सोपी असते. एकानं पंख्याच्या किंवा दिव्याच्या जागी वायरीला बॅटरी लावून उभं राहायचं, दुसऱ्यानं बोर्डाच्या खोक्यातल्या वायरी एकेक करून छोट्या घंटीला लावून बघायच्या. घंटी वाजली की ती वायर सापडली. फक्त त्यासाठी माणसं लागतात, आणि आमच्याकडे होती ती घरचीच. आई माजघरात, मी शिडीवर, आणि निपाणीहून समारंभासाठी लवकर आलेली आत्या स्वयंपाकघरात. आत्याला काम दिलं होतं, की तिथली घंटी वाजली की हाक मारायची. ती दर वेळी हाक मारायची, कारण तिला दर वेळी कुठली ना कुठली घंटी ऐकू येत होती. "वाजतंय की! मी काय खोटं सांगतो व्हय?"

दीड दिवसात एकशे चौदा वायरी सापडल्या. इथंच थांबलो असतो तर ही गोष्ट झाली नसती. पण सापडलेल्या वायरींना खूण काय करायची यावरून माझी आणि अप्पांची जुंपली. मी म्हटलं, क्रमांकाच्या चिठ्ठ्या लावू, यादी माझ्याकडे राहील. अप्पा म्हणाले, "चिठ्ठी गळून पडती. गाठ पडत न्हाय." मी म्हटलं, गाठ वाचता येत नाही. ते म्हणाले, तुला वाचता कशाला यायला पाहिजे, सोडवता येतेय तेवढं बास. माघार त्यांनी घेतली नाही, मीही नाही. (हा गुण मला कुठून आला, हे आई अजूनही विचारते, आणि विचारताना अप्पांकडे बघते.) शेवटी आईनंच तोडगा काढला: पुढच्या खोल्यांत गाठी, मागच्या खोल्यांत चिठ्ठ्या.

इतका वाईट तोडगा आमच्या घरात पुन्हा निघाला नाही. माझ्या यादीत एक क्रमांक म्हणजे पंखा, कारण पंखा सगळ्यात वर असतो. अप्पांची एक गाठ म्हणजे दिवा. आणि बोर्डाला वायरी जोडणारे दत्तूमामा पंचवीस वर्षं गाठी मोजत आलेले. चिठ्ठीवरचा एक त्यांनी वाचला, आणि हातांनी दिवा जोडला. पुढच्या नि मागच्या खोल्यांच्या वायरी ज्या खोक्यांत एकत्र आल्या होत्या, तिथं काय झालं ते दत्तूमामांनाही सांगता आलं नसतं.

तुम्ही म्हणाल, एकदा बटणं दाबून बघायची होती. नव्हती बघता येत. अप्पांचा नेम होता: त्यांनी फिटिंग केलेल्या घरात पहिलं बटण मानाच्या पाव्हण्यानं दाबायचं, त्याआधी घरच्यानं बोटसुद्धा लावायचं नाही. आजवर हा नेम त्यांनी एकाही गिऱ्हाइकाकडे मोडला नव्हता. स्वतःच्या घरी मोडणार होते थोडेच!

वास्तुशांतीच्या सकाळी मेन स्विचला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. दारात चौगुले गुरुजी आले. पांढरी टोपी, पांढरा सदरा, पांढरं धोतर. अप्पांनी हात जोडून सांगितलं, की पहिलं बटण तुमच्या हातून. गुरुजी शिस्तीचे. म्हणाले, घरात शिरायचं ते बेल दाबूनच. मग तेच पहिलं बटण.

त्यांनी बेल दाबली. बेल वाजली नाही. हॉलमधला पंखा हलला.

गुरुजींना पंखा दिसत नव्हता. बटण नवं आहे, घट्ट असेल, असं समजून त्यांनी ते जोर लावून दाबून धरलं. पंखा नवा होता आणि त्याला रेग्युलेटर बसायचा होता, त्यामुळे तो पहिल्यापासूनच पूर्ण वेगानं निघाला. त्याच्या बरोबर खाली होमकुंड होतं. भटजींनी नवग्रहांसाठी मांडलेल्या तांदळाच्या ढिगल्या एकमेकांत मिसळल्या. शनी कुठला आणि गुरू कुठला ते कळेना. राख उठली आणि सरळ दाराकडे गेली. गुरुजींनी बटणावरचं बोट काढलं तेव्हा त्यांच्या अंगावर पांढरं असं काही उरलं नव्हतं.

अप्पांनी त्यांना हातपाय धुवायला मोरीकडे नेलं. मोरीला खिडकी नव्हती, म्हणून बाहेरचं बटण लावलं. दिवा लागला नाही. बेल मात्र वाजायला लागली, आणि हे बटण दाबलेलंच राहत असल्यानं ती थांबेचना. आई दार उघडायला धावली. दारात कुणी नाही. ती परतली, बेल चालूच, पुन्हा धावली. इकडे गुरुजी अंधारात आत शिरले होते आणि दार लावून घेतलं होतं.

त्याच वेळी स्वयंपाकघरात आत्याला दिवा हवा होता. तिनं बटण दाबलं, दिवा लागला नाही. तिनं परत दाबलं. परत दाबलं. मोरीतला दिवा लागला, गेला, लागला, गेला. आतून मुख्याध्यापकाचा आवाज आला. "कोण चाळे करतंय?"

समारंभाला आलेली चौथीपर्यंतची सगळी पोरं जागच्या जागी मांडी घालून बसली.

अप्पा स्वयंपाकघरात धावले. आत्या त्यांच्यावरच उखडली. "अरे मी बटण दाबून दाबून दमलो की! कसली फिटिंग केलास बाबा?" अप्पांनी जाऊन मेन स्विच खाली ओढला. बेल थांबली. मोरीतला दिवा कायमचा गेला. घर गप्प झालं, आणि चाळीस घरं त्या शांततेतून निघून जाताना मला दिसली.

गुरुजी चाचपडत बाहेर आले, टोपी हातात, तोंडावरून पाणी निथळत. अप्पा पुढं झाले. पण ते काही बोलायच्या आत मी मध्ये गेले, कारण मला माहीत होतं की ते माझं नाव घेणार नाहीत.

"गुरुजी, अप्पांच्या कामात खोट नाही. त्यांच्या खुणा मी सोडवल्या आणि वर माझे क्रमांक लावले. चूक माझी आहे. सांगलीवाल्यांना काम द्यायचं तर द्या, पण अप्पांचं काम वाईट म्हणून देऊ नका."

गुरुजींनी माझ्याकडे बघितलं. मग अप्पांकडे. "शॉक कुणाला बसला?"

"न्हाय," अप्पा म्हणाले.

"फ्यूज उडाला?"

"न्हाय."

"म्हणजे उत्तर चुकलं, पायऱ्या बरोबर आहेत." ते टोपी झटकत म्हणाले. "मी पायऱ्यांचे मार्क देत होतो. आठवड्याची मुदत देतो."

दुसरा कुणी असता तर पाया पडला असता. अप्पा म्हणाले, "मार्क नकोत, गुरुजी. आठवडाबी नको. परवा या. एक बटण जरी चुकलं, तर काम देऊ नका."

ते दोन दिवस मला पन्हाळ्याला मामाकडे पाठवण्यात आलं. हवापालट, असं सांगितलं. माझी हवा ठीक होती. मी परत आले तेव्हा गुरुजी वही घेऊन येऊन गेले होते आणि घरातलं प्रत्येक बटण दाबून, प्रत्येकापुढे बरोबरची खूण करून, चाळीस घरं देऊन गेले होते.

करार लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण घरात वाचता येईल असं अक्षर माझंच. गुरुजींनी अटी सांगितल्या, मी लिहीत गेले. नववी अट सांगताना ते जरा खाकरले. "ठेकेदाराच्या कन्येनं बांधकामाच्या हद्दीत पाऊल टाकू नये."

मी म्हटलं, असली अट करारात बसत नाही. ते म्हणाले, "लिही." अप्पा छताकडे बघत होते. मी लिहिली, सुवाच्य अक्षरात, आणि खाली रेघ मारली.

काम दीड वर्ष चाललं. ते दीड वर्ष मी हद्दीच्या दगडाला चिकटून बाहेरच्या बाजूला स्टूल टाकून, छत्री लावून बसले आणि आत जाणारा प्रत्येक होल्डर लिहून घेतला. हद्दीबाहेर कुणी कुठं बसावं याबद्दल करारात एक शब्द नव्हता. तशी अट मी मुद्दामच सुचवली नव्हती, असं मी सगळ्यांना ठणकावून सांगते. अप्पा म्हणतात, गुरुजींना सुचली असती तर तीही तूच लिहिली असतीस, रेघ मारून.