जेवढं औषध तेवढंच पाणी

नाशिकचे द्राक्षमळे बघायला आई-बाबांना मीच हट्टाने नेलं. नागपूरहून निघाल्यापासून आईची कुरकुर चालू होती. "संत्री सोडून द्राक्षं पाहाले एवढ्या दूर काहून?" मळा मात्र तिला आवडला. वेलींच्या रांगा उतारावरून थेट धरणाच्या पाण्यापर्यंत गेल्या होत्या.

मग आम्ही वाइन चाखायच्या खोलीत गेलो. तिथल्या मुलीने आमच्या पेल्यांत घोटभर लाल वाइन ओतली आणि पेला कसा फिरवायचा, वास कसा घ्यायचा, यावर असं व्याख्यान लावलं की माझं डोकं उठलं. आईने जन्मात दारूला हात लावलेला नव्हता. तिने पेला नाकाशी नेला आणि तोंड वाकडं केलं.

"अवं, हे तं द्राक्षासव होय! तुह्या वेळी वैद्यानं देल्लं होतं."

माझ्या जन्मानंतर आई फार अशक्त झाली होती, एवढं मला माहीत होतं. बाबांनी पाण्याचा जग उचलला आणि आईच्या पेल्यात वाइनइतकंच पाणी ओतलं. ती मुलगी बघतच राहिली.

"बाबा, काय करून राहिले?" मी खेकसले.

त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. दोन बोटांनी आईचं नाक हलकेच दाबून ते म्हणाले, "हं, आता घे वं."

आणि चारचौघांत बाबांपासून हातभर लांब बसणाऱ्या माझ्या आईने मुकाट्याने तोंड उघडलं.