बाकावरचा सोयरा

साऱ्या मलकापुरात चेंडूकडे ढुंकूनही न बघता फुटबॉल बघणारं माणूस एकच, आणि ते आमच्या घरात आहे. माझ्या सासूबाई.

मी कोल्हापूरकडची. नववीत शाळा सुटली, लग्न होऊन एवढ्या लांब वऱ्हाडात आले आणि आल्या दिवसापासून भीतच राहिले. भात जरा मऊ झाला तरी दहादा माफी मागायची. त्यात देशभरातल्या संघांची ती मोठी फुटबॉल लीग पहिल्यांदाच सुरू झाली आणि एका संघानं माझ्या धाकट्या भावाला घेतलं. घेतलं, आणि राखीव खेळाडूंच्या बाकावर बसवून ठेवलं. करार एकाच हंगामाचा. एकदाही मैदानात उतरला नाही तर पुढच्या वर्षी त्याला कोण विचारणार? ही धास्ती मी चाचरत सासूबाईंना सांगितली, आणि तिथून त्यांचा फुटबॉल सुरू झाला.

त्यांच्या लेखी ते लग्नच होतं. सोयऱ्याला मानानं बोलावलं, मांडवात बसवलं, आणि पंगतीला कुणी उठवतच नाही! सामना असला की ठेवणीतलं लुगडं नेसून त्या टीव्हीसमोर बसायच्या. कार्याला घरची लेक हवी म्हणून नणंदेला अमडापूरहून बोलावून घ्यायच्या. गोल झाला की गोळा झालेली गल्ली नाचायची आणि ह्या विचारायच्या, "आपला पोट्टा उठला काय?" कॅमेरा बाकावरून हलला की कॅमेरावाल्याचा उद्धार, "त्या चेंडूमांगं काय पळून राह्यला बे? इकडं दाखव ना!"

एकदा भाऊ खरंच उठला, कडेकडेनं चार फेऱ्या पळाला आणि परत येऊन बसला. सासूबाई लालबुंद. "पाटावर बसवून ताट उचललं वं याह्यनं!"

"अवं, अंग गरम करून राह्यला तो," मामंजी म्हणाले.

"उपाशी माणसाचं अंग गरमच असते!"

सामना संपल्या संपल्या सासूबाईंनी भावाला फोन लावला. "हे पाय बापा, आपल्या मनानं उठजो नोको. मानानं बोलावलं तरच उठजो. अन् तुह्या साहेबाले दे बरं फोन!" भावानं घाबरून फोनच बंद केला. मला लाज वाटली. पण माझ्या माहेरच्या माणसासाठी या मुलखात कुणीतरी भांडतंय, या विचारानं त्या रात्री मला कितीतरी दिवसांनी शांत झोप लागली.

हंगामाचा शेवटचा सामना. खेळ संपत आलेला, एक खेळाडू लंगडत बाहेर निघाला आणि कडेच्या पाटीवर माझ्या भावाचा नंबर लागला. मी डोळेच मिटले. सासूबाईंनी माझं मनगट असं धरलं की बांगडी पिचली.

"उठवलं! माय वं, उठवलं त्याले!"

चेंडू त्याच्याकडे दोनदाच आला. एकदा त्यानं नीट पुढे दिला, एकदा तो स्वतःच घसरून आपटला. गल्लीनं दोन्ही वेळा सारख्याच टाळ्या वाजवल्या. नणंद मामंजींना धरून नाचली, मी रडत रडत हसले, आणि सासूबाईंनी पदर सावरून, सोयरा जेवायला बसल्यासारखा समाधानाचा सुस्कारा टाकला.

सामना संपला, माणसं पांगली. मी टीव्ही बंद करायला उठले. पडद्यावर तो लंगडणारा खेळाडू दिसत होता, भावाच्या रिकाम्या झालेल्या जागी डोक्यावर टॉवेल घेऊन बसलेला.

"याची माय कुठं बसून पाहून राह्यली असन वं?" सासूबाई हळूच म्हणाल्या.

बटणाकडे गेलेला माझा हात त्यांनी अडवला.

"थांब, बंद करू नोको. त्याले कोणी पाणी देते का, तेवढं पाहू दे."