दोन खुर्च्यांची खोली

रुग्णालयात तिला सगळे पाठीमागे 'लवंगी' म्हणत. तिला ते ठाऊक होतं आणि त्याचं वाईटही वाटत नसे.

गर्भ गळलेल्या बायकांना घरी सोडण्याआधी तिच्याकडे पाठवत. पुढचं मूल कधी, हवं की नको, तोवर काय वापरायचं, हे समजावणं आणि लागलं तर तिथेच देणं, हे तिचं काम. तिच्या खोलीत खुर्च्या दोनच. तिसरी तिने स्वतः उचलून बाहेर टाकली होती. त्या खुर्चीवर सासू बसे आणि उत्तरंही सासूच देई.

त्या दिवशीची सासू उभीच राहिली. सून चोवीस वर्षांची. दीड वर्षात तिसरा गर्भ गेलेला, अंगात रक्त निम्मं.

"तिला काय कळतंय? मला विचारा. आम्हाला थांबायचं नाही."

"कळा तुम्ही सोसल्या का, मावशी?"

"तोंड सांभाळा, बाई!"

"सांभाळते. तुम्ही दार सांभाळा. बाहेरून."

दार लागल्यावर सुनेने ते नीट लागलंय ना, ते पाहिलं. मग म्हणाली, "वर्षभर नको वाटतंय, ताई. पण गोळ्या ठेवू कुठे? कपाटाची किल्ली सासूबाईंच्या कमरेला."

"इंजेक्शन घे. तीन महिन्यांतून एक. त्याला कपाट लागत नाही. पाळी मागेपुढे होईल, आणि बंद केल्यावर दिवस राहायला काही महिने उशीर होऊ शकतो. चालेल?"

"चालेल."

लवंगीने टोचलं आणि वीस वर्षांच्या सवयीने घरी जायच्या कागदावर ठळक अक्षरांत लिहिलंही. चूक ध्यानात आली तेव्हा कागद बाहेरच्या खिडकीवर गेला होता. तिथला कारकून प्रत्येक कागद मोठ्याने वाची आणि नवऱ्याच्या हातात देई. कागद बाईचा, बाईलाच दे, हे तिने त्याला शंभरदा सांगितलं होतं. पालथ्या घड्यावर पाणी!

ती धावली. "गर्भ न राहण्याचं इंजेक्शन, पुढचं तीन महिन्यांनी," हे तोवर सगळ्या बाकांनी ऐकलं होतं.

"कुणाला विचारून?" कागद हातात घेतलेला सुनेचा नवरा गरजला.

लवंगीच्या अंगाचा तिळपापड झाला. कारकुनावर, नवऱ्यावर, सगळ्यात जास्त स्वतःवर. "मी दिलंय, मला..."

"मला विचारून," सून म्हणाली. तिने त्याच्या हातातून कागद ओढला, घडी घातली आणि मुठीत धरला.

तिघं निघून गेली. लवंगीने कारकुनाची अशी खरडपट्टी काढली की तो आजही कागद मनातल्या मनात वाचतो. पण तेवढ्याने तिचं समाधान झालं नाही. घरी गेल्यावर त्या सुनेचं काय झालं असेल, हेच तिला दिसत राहिलं.

तीन महिन्यांनी, ठरल्या तारखेला, सून आली. एकटी.

"किल्ली?" लवंगीने विचारलं.

"अजून त्यांच्याच कमरेला," ती म्हणाली आणि बाही वर केली.