रिकाम्या स्लॅबचं रीडिंग

मंडळी, या सदरातले अनुभव मी गेली चार वर्षं वाचतो आहे. खरं सांगायचं तर चुका काढण्यासाठीच वाचतो. कुणी लिहितं "अचानक गारवा जाणवला", की मी विचारतो – किती डिग्री? थर्मामीटर कुठे होता? सावलीत की उन्हात? बायको म्हणते, तुमच्यासमोर भूत आलं तरी तुम्ही आधी त्याची उंची विचाराल. माझी नोकरीच तशी गेली. मूळचा मी नायगावकडचा, आता नांदेडला असतो. बांधकाम खात्यात तेहेतीस वर्षं काढली, त्यातली निम्मी बांधकामाच्या चाचण्या घेण्यात. नवीन पोरं हाताखाली आली की पहिल्या दिवशी सांगायचो, प्रत्येक मापात चूक असतेच, ती किती आहे हे सांगता आलं पाहिजे. सांगता येत नसेल तर ते माप नाही, अंदाज आहे.

तर आता माझंच एक माप सांगतो, ज्यातली चूक मला अजून सापडलेली नाही.

लातूर जिल्हा तेव्हा नवीन झाला होता. जुन्या जिल्ह्याच्या ठिकाणाहून दप्तरं ट्रकने यायला लागली होती आणि ती ठेवायला जागा नव्हती. एका कचेरीच्या आवारात – कुठल्या ते सांगत नाही – रेकॉर्ड रूम बांधायचं काम निघालं. मी ज्युनियर इंजिनियर, वय सत्तावीस. एक मजली इमारत, वर सपाट स्लॅब, पुढे त्यावर दुसरा मजला चढवायचा होता.

पाऊस सलग दुसऱ्या वर्षी रुसला होता. गावात नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी. आणि आमच्या स्लॅबला मात्र रोज टँकर! ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी – स्लॅब ओतल्यावर त्यावर मातीचे छोटे बांध घालून वाफे करतात आणि त्यात दोन आठवडे पाणी साठवून ठेवतात. काँक्रीटला ताकद त्या पाण्याने येते. म्हणजे लोक घागरी घेऊन वणवण फिरतायत आणि वर छपरावर बोटभर पाणी नुसतं उन्हाने उडून जातंय, असा तो प्रकार होता.

हे वाफे भरायला एक बाई होती, कौसाबाई. पस्तिशीची असेल. टाकीतून घागर भरायची, शिडीने वर जायची, वाफ्यात ओतायची. दिवसभर हेच. आणि दुपारी जेवणाच्या सुट्टीत वरच्या वाफ्यातलीच एक घागर भरून घरी न्यायची. मिस्त्री मकबूलभाई तिकडे काणाडोळा करायचे. साठीला आलेला माणूस, बापजाद्यांपासून लातूरच्या गवंडीकामात. मी एकदा कौसाबाईला धरलं आणि चांगलं झापलं.

ती म्हणाली, "सायब, घरी सासू निजून हाय. येक घागर नेते, लई न्हाई."

"पुन्हा दिसलीस तर कामावरून काढीन," मी म्हणालो. माझा आवाज तेव्हा मोठा होता आणि मला त्याचा अभिमानही होता.

स्लॅब ओतल्याच्या नवव्या दिवशी सकाळी वाफ्याचा एक बांध पायाने मोडलेला दिसला. दुपारी एकच्या सुमाराला माणसं जेवायला पांगली तशी मी मकबूलभाईंना म्हणालो, "सुट्टीत कुणी वर जायला नको, ही शिडी काढून आत ठेवा. आजपासून रोज सुट्टीत काढायची." त्यांनी शिडी काढली, आत आडवी ठेवली. मग आम्ही तिथेच स्लॅबच्या सावलीत उभे राहून सिमेंटच्या गोण्यांचा हिशेब बोललो. मीच बोलत होतो. दहा मिनिटं तरी झाली असतील. मग आम्ही दोघंही जेवायला गेलो.

पाऊण तासाने परत आलो तर कौसाबाई शिडीच्या जागेजवळ, खडीच्या ढिगाशी पडलेली होती. घागर बाजूला. दवाखान्यात नेईपर्यंत ती गेली.

ती वर चढताना पडली की खाली उतरताना? कुणीच पाहिलेलं नव्हतं. घागर भरलेली होती की रिकामी, तेही कळायला मार्ग नव्हता, कारण स्लॅबच्या कडेने पाणी झिरपून खालची माती कायमच ओली असायची. पण सगळं यावरच अडलं होतं. शिडी नसताना ती सेंट्रिंगच्या, म्हणजे स्लॅबला खालून टेकू दिलेल्या, बल्ल्यांना धरून वर चढत असेल तर चूक तिची. आणि ती आधीपासून वर असताना शिडी काढली असेल, तर चूक शिडी काढणाऱ्याची.

चौकशी लागली. मी जबाब लिहून दिला – बाई आपल्या मनाने बल्ल्यांवरून चढत असताना पडली असावी, आणि शिडीची जबाबदारी मिस्त्रीची होती. सही केली. शिडी कुणी काढायला सांगितली ते लिहिलंच नाही. मकबूलभाईंचा जबाब फक्त एवढाच – "शिडी मी काढली." निकाल लागेपर्यंत त्यांना कामावर ठेवलं होतं. विरुद्ध लागला असता तर सरकारी कामावर त्यांना पुन्हा कुणी उभं केलं नसतं, आणि पोलिसांचं झंझट वेगळंच.

मला काय वाटत होतं? काही नाही. खरंच काही नाही. जेवत होतो, झोपत होतो, हजेरीपट भरत होतो. आतून सगळं बधिर झालं होतं आणि ते मला बरं वाटत होतं.

कौसाबाई गेल्यावर वाफे भरण्यात हयगय झाली असणार. महिनाभराने काँक्रीटचे नमुने नांदेडला तपासले, ते ताकदीला कमी भरले. वरून हुकूम आला – स्लॅबवर वजन टाकून चाचणी घ्या. एरवी वजन म्हणून पाणीच भरतात, पण पाणी कुठलं? वाळूची पोती रचायची ठरली.

चाचणी अशी असते. बल्ल्या काढून स्लॅब मोकळा करायचा. खालून त्याला डायल गेज लावायचे – घड्याळासारखी तबकडी, एक काटा, स्लॅब मिलिमीटरचा शंभरावा भाग खाली आला तरी काटा एक घर सरकतो. मी तीन गेज एका रांगेत लावले. पहिला शिडीच्या बाजूला, दुसरा मध्ये, तिसरा पलीकडे. वजन टाकण्याआधी तीन दिवस रिकाम्या स्लॅबचं रीडिंग घ्यायची माझी पद्धत होती, कारण उन्हानेही स्लॅब हलतो. ते हलणं वजा केल्याशिवाय पुढचं माप खरं नाही. तीन दिवस वर कुणी जायचं नाही, शिडी आत.

पहिल्या दिवशी काटे सकाळपासून सावकाश सरकत होते, तिन्ही एकदम. ते उन्हाचं. एक वाजायला आला आणि पहिला काटा दोन घरं पुढे गेला, परत आला. मग दुसरा दोन घरं. मग तिसरा. मी बघतच राहिलो. मिनिटभराने तिसरा पुन्हा हलला – या वेळी तीन घरं. मग दुसरा, तीन. मग पहिला, तीन... आणि तो तिथेच थांबला. जवळजवळ पंचवीस मिनिटं थांबला. मग एका झटक्यात मागे आला.

मी भुताचा विचार केला नाही. स्टँड हलला असेल म्हटलं. स्टँडला धक्का देऊन पाहिलं – पक्का. काटा अडकतो कधीकधी, म्हणून पेन्सिलने तबकडीवर टिचक्या मारल्या – फरक नाही. पहिल्या आणि तिसऱ्या गेजची अदलाबदल केली.

दुसऱ्या दिवशी मकबूलभाईंना शेजारच्या इमारतीच्या गच्चीवर उभं केलं. तिथून आमचा सगळा स्लॅब दिसायचा. एक वाजता काटे हलले. त्याच क्रमाने. दोन, दोन, दोन. मग तीन, तीन, तीन.

"वर कोण आहे?" मी खालून ओरडलो.

"कुनी न्हाई, सायब."

"नीट बघा. मांजर, कुत्रं?"

"चिमनी बी न्हाई."

ते खाली येईपर्यंत पहिला काटा तीनवर थांबलेलाच होता. त्यांनी विचारलं, हे काय दाखवतं. मी समजावलं की वर माणूस चालला तर काटा असा दोनेक घरं हलतो, जिथे पाय तिथला काटा.

"आन् येताना तीन का?"

"वजन वाढलं तर..." मी बोलता बोलता थांबलो.

ते तबकडीपाशी वाकले. मग हळूच म्हणाले, "भरून आली."

एवढ्यात काटा झटकन मागे आला. मकबूलभाईंनी डोळे मिटून घेतले. मी वहीत वेळ लिहिली.

तिसऱ्या दिवशी आम्ही दोघंही जेवायला गेलो नाही. काटे गेले, काटे आले, पहिला तीनवर थांबला. पाच मिनिटं झाली. मकबूलभाई उठले, आत गेले आणि शिडी घेऊन आले. "तीन दिवस शिडी लावायची नाही" हा माझाच नियम होता. मी बाजूला सरकलो. त्यांनी शिडी स्लॅबला टेकवली आणि खालचा पाय दोन्ही हातांनी घट्ट धरून वर न बघता उभे राहिले, जसं बायामाणसं उतरताना गवंडी उभे राहतात तसे.

काटा झटक्याने आला नाही. तीनवरून अडीच, दोन, एक... एवढा सावकाश, की मला मोजता आला. मग शून्य. मकबूलभाईंनी अजून थोडा वेळ शिडी धरून ठेवली.

"उतरली," ते म्हणाले.

पोती टाकून चाचणी झाली. स्लॅब पास झाला. एक वाजता पुन्हा कधी काही हललं नाही. ते तीन दिवसांचे आकडे मी खोडले नाहीत. शेराच्या रकान्यात काय लिहायचं ते कळलं नाही, म्हणून तो कोरा ठेवला.

पुढच्या आठवड्यात चौकशीच्या साहेबांसमोर जाऊन मी दुसरा जबाब दिला. शिडी मी काढायला लावली, तेव्हा बाई वर होती.

साहेब वैतागले. "ती वर होती हे तुम्हाला कसं माहीत? पाहिलंत?"

"नाही, साहेब. मी वर बघितलंच नाही."

"मग?"

"तेच लिहून घ्या. वर बघितलं नाही."

मकबूलभाई सुटले, पुढे त्याच इमारतीचा वरचा मजलाही त्यांनीच बांधला. माझी बढती सहा वर्षं लांबली, त्याबद्दल तक्रार नाही. कौसाबाईच्या सासूकडे मी एकदा गेलो होतो. दारातूनच परत आलो.

काट्यांचं म्हणाल तर तापमान, स्टँड, घर्षण, नजरचूक, सगळं तपासून झालं. पुढे कितीतरी स्लॅब तपासले, असं रीडिंग कधी आलं नाही. तुमच्यापैकी कुणी इंजिनियर असेल आणि कारण सांगेल तर मी ऐकायला तयार आहे. मला आजही सांगता येत नाही.

पण त्या दुपारी शिडी काढल्यावर दहा मिनिटं मी स्लॅबखाली उभा राहून बोलत होतो. ती वर होती, उन्हात, भरलेली घागर घेऊन. एक हाक मारली असती तर शिडी पुन्हा लागली असती. तिने मारली नाही... हाक का मारली नाही, हे मात्र मला पक्कं माहीत आहे. खाली माझा आवाज येत होता.