अंगठ्याचा रंग

माझा धंदा लग्नाच्या फोटोंचा. साताऱ्यात स्टुडिओ आहे, आणि माझी निम्मी हयात एकाच भांडणात गेली: एका प्रोग्रॅममध्ये दिसणारा रंग दुसऱ्यात तसाच का दिसत नाही? फोटो सुधारायचा एकात, अल्बम मांडायचा दुसऱ्यात. पहिल्यात शालू डाळिंबी, दुसऱ्यात नेला की मळक्या विटेसारखा. नवरीची आई लगेच म्हणणार, "आवं, ह्यो आमचा शालू न्हाईच." फोटोसोबत रंगांची माहिती जाते, ती पहिला प्रोग्रॅम वाचतो, दुसरा वाचत नाही, हे कळेपर्यंत नाकी नऊ आले होते. कळल्यावर तरी दोन्ही प्रोग्रॅमचे रंग नीट जुळवून घ्यावेत की नाही? मी सोपा मार्ग धरला. अल्बमच्या प्रोग्रॅमला असं सेटिंग लावून ठेवलं की फोटो उघडताच निळसर, काळपट सगळं आपोआप जायचं आणि कातडी गुलाबी व्हायची. गिऱ्हाईक खूश. मी तर स्वतःवरच खूश.

वडील फौजेतून निवृत्त होऊन पाटणजवळच्या गावी राहतात. त्यांना शुगर आहे. नवी चप्पल लागून पायाच्या अंगठ्याला जखम झाली. मिरजेच्या डॉक्टरांनी पट्टी करून दिली आणि म्हणाले, "एवढ्या लांबून सारखं येऊ नका. जखमेचा रोज एक फोटो पाठवा. काळपट दिसली तर मी लगेच बोलावून घेईन."

आई मोबाइलवर फोटो काढून मला पाठवायची, मी डॉक्टरांना. आला तसा पुढे धाडायचा की नाही? पण मी पडलो फोटोग्राफर! असला अंधारा, वाकडा फोटो माझ्याकडून कसा जाणार? मी तो कॉम्प्युटरवर घ्यायचो, उजेड वाढवायचो, कडा कापायचो आणि मगच पाठवायचो. एक फोटो आईलाही परत धाडायचो, तिला माझं काम दिसावं म्हणून.

आठव्या दिवशीचा फोटो पहिल्या प्रोग्रॅममध्ये उघडला, तर अंगठ्याचं टोक शाई सांडल्यासारखं काळंनिळं. दुसऱ्यात उघडला, तर लालसर, भरत आलेलं. दोन्ही शेजारी शेजारी ठेवून मी पाहत बसलो. सेटिंग मीच लावलेलं होतं, ते मला आठवायला हवं होतं. आठवलं नाही, असं मी स्वतःला सांगतो. खरं हे की दोन रंग भांडायला लागले की लोकांना आवडेल तो खरा मानायची मला सवय लागली होती. मी लालसर फोटो पाठवला. डॉक्टरांचं उत्तर आलं, "छान. हीच पट्टी चालू ठेवा."

पुढचे दोन दिवसही लालसरच फोटो गेले; तिसऱ्या दिवशी आईचा फोन. "आरं, लय घाण वास येतोय. मला कवाच काळं दिसत हुतं. पर तुझ्या फोटूत चांगलं दिसलं, म्हनून गप बसले."

मिरजेला नेलं. अंगठा आणि शेजारची दोन बोटं काढावी लागली. डॉक्टर हळहळले. "आधी कळतं तर टोकावरच भागलं असतं. फोटोत काहीच दिसलं नाही हो." आईनं काढलेला फोटो माझ्या खिशातल्या मोबाइलमध्ये होता. मी तो दाखवला नाही. भ्यालो.

आता गावी लोक भेटायला येतात. वडील पाय उशीवर ठेवून प्रत्येकाला ऐकवतात, "पोरगं रोज डाक्टरला फोटू धाडत हुतं, म्हनून पाय तरी ऱ्हायला. न्हाईतर गुडघ्यातनंच गेला असता गड्या." लोक माझ्याकडे कौतुकानं पाहतात. दर वेळी वाटतं, ओरडून खरं सांगून टाकावं. दर वेळी मी म्हणतो, "चहा घ्या." आई तेवढी माझ्याकडे न बघता कप आणायला उठते.