अक्कांच्या जीपचा बंपर

शेडच्या कोपऱ्यात सुटे नटबोल्ट साचतात, तसे किस्सेही साचतात. कुठला कुठून आला ते आठवत नाही, आणि टाकून द्यायचा धीरही होत नाही. आमची शेड मल्लेश्वरमला गोविंदअण्णांच्या घरामागे होती. पन्नास-साठची ती वर्षं. रविवारी दुपारी आम्ही तिथे जमायचो आणि संध्याकाळी काळेकुट्ट होऊन घरी जायचो.

गोविंदअण्णांचं कापडाचं दुकान होतं. घराणं कैक पिढ्या बंगळूरातलं, त्यामुळे मराठी बोलता बोलता कानडीत शिरायचे आणि आपण शिरलोय हे त्यांना कळायचंही नाही. त्यांची थोरली बहीण डॉक्टर. तिला सगळं मल्लेश्वरम अक्का म्हणायचं. भिडे आणि मी पुण्याहून सरकारी कारखान्यात नोकरीला आलेलो. भिडे ड्रॉइंग ऑफिसात, मी मशीन शॉपमध्ये. शिवाय एक जीप, लष्कराच्या लिलावातली. ती अण्णांची, पण चालायची अक्कांच्या शब्दावर.

रविवारी सकाळी अक्का मागडी रस्त्याच्या आत, एका खेड्यात जाऊन रोगी तपासायच्या. खेड्याच्या अलीकडे ओढा होता. तिथले लोक त्याला हळ्ळ म्हणत. पाऊस झाला की जीप हळ्ळात रुतायची. एका पावसाळ्यात अक्का काठावरूनच परत आल्या आणि पलीकडे एक बाळंतीण गेली. पुढच्या रविवारी त्या शेडमध्ये आल्या आणि म्हणाल्या, "मला पलीकडे पोचायचंय. पाऊस असला तरी."

*

अण्णांनी जुन्या बाजारातून हाताने फिरवायचं एक विंच पैदा केलं. विंच म्हणजे तारेचा दोर गुंडाळणारा लोखंडी रहाटच. दोराचं टोक झाडाला बांधायचं, दांडा फिरवायचा, की दोर गुंडाळत गाडी झाडाकडे सरकते. आम्ही ते जीपच्या मूळ बंपरवर बसवलं आणि चौघंही हळ्ळावर गेलो.

जीप चिखलात घातली. पलीकडच्या चिंचेला दोर बांधला. मी आणि भिडे दांड्याला लागलो. दोर ताठ झाला, कुठेतरी कडकन आवाज झाला, आणि बंपर विंचसकट निघून चिंचेच्या दिशेने गेला. जीप होती तिथेच.

मग अण्णा शांतपणे म्हणाले, "सरी, ठीक. बंपर पोचला. आता आपलं बघू."

घरी परतताना मात्र त्यांनी बहिणीला बजावलं, "अक्का, अजून एकदा अशी अडकलीस ना, तर जीप मी दुकानाच्या कामाला लावणार. तुला पाण्यात सोडून मला झोप लागायची नाही." अक्कांनी मान डोलावली. त्या भावाचं सगळं ऐकून घ्यायच्या, तेवढंच.

*

नवा बंपर घरीच करायचं ठरलं आणि भिड्याच्या अंगात आलं. पन्हळीसारखं जाड लोखंडी चॅनेल, त्यावर विंचची बैठक, आणि हे सगळं थेट चॅसीला बोल्टांनी जखडायचं. चॅसी म्हणजे गाडीचा पाठकणा, सगळा ताण तिने घ्यायला हवा. भिड्याने कारखान्यातल्यासारखं शाईचं ड्रॉइंग केलं. समोरून, वरून, बाजूने. इतकं देखणं ड्रॉइंग मी आमच्या कारखान्यातही पाहिलं नव्हतं. ते भिंतीवर लावून आम्ही नुसते बघत बसायचो.

अक्का आल्या, चष्मा लावून त्यांनीही पाहिलं. "हे तुटलं तर कुठून तुटेल?"

"तुटणार नाही," भिडे म्हणाला.

"पेशंटला मी असं कधीच सांगत नाही," अक्का म्हणाल्या आणि चहा टाकायला गेल्या.

भिडे आठवडाभर जेवताना बोलत नव्हता, असं त्याची बायको सांगे. पुढच्या रविवारी नवं ड्रॉइंग आलं. चॅसी आतून पोकळ, बोल्ट आवळले की दबणार. म्हणून प्रत्येक बोल्टाभोवती आतून नळीचा तुकडा. शिवाय दोन्ही बाजूंना चॅसीवर लांबवर मागे जाणाऱ्या पट्ट्या, म्हणजे ओढ एका जागी यायला नको. भिडे स्वतःच म्हणाला, "तुटलं असतं. बोल्टापाशी."

एका डॉक्टरणीच्या एका प्रश्नाने चॅसीचं दुखणं सापडलं, याचं मला आजही नवल वाटतं.

*

चॅसीला भोकं पाडायची, तर अण्णांची अट होती की राहुकाळात ड्रिल चालायचा नाही. रविवारचा राहुकाळ साडेचारला लागतो, आणि आम्हाला कामाचा रंग चढायचा तोही नेमका त्याच वेळी. भिडे या सगळ्याला हसायचा. "पोलादाला पंचांग कळत नाही हो अण्णा," म्हणत त्याने छातीने रेटायचा ड्रिल लावला. ड्रिलचं पातं मोडलं. दुसरं लावलं, तेही मोडलं.

"स्वल्प थांबला असतात तर," एवढंच अण्णा म्हणाले.

भिड्याने पाती निकृष्ट असल्याचं आम्हाला सविस्तर पटवून दिलं. पुढच्या रविवारी त्याने चांगली पाती आणली, पण साडेचारला ड्रिल स्वतःच खाली ठेवला. "चहा घेऊ या," म्हणाला. त्यानंतर आमच्या शेडचा चहा कायम साडेचारलाच झाला.

*

बंपर चढला तो आयुधपूजेच्या आदल्या दिवशी. काळा रंग, बोल्टांची डोकी एका रेषेत, मधोमध विंच. जीपचं तोंड किंचित खाली झुकलं होतं, पण ते तिला शोभत होतं. शेजारपाजारचे बघायला आले. कोणी हात लावून बघितलं, कोणी नुसतीच मान हलवली. दुसऱ्या दिवशी अण्णांनी हळदकुंकू वाहिलं, शेवंतीचा हार घातला, कोहळा फोडला, चाकांखाली लिंबं ठेवली. आता गाडीने पुढे होऊन लिंबं चिरडायची की पूजा संपली.

बॅटरी उतरलेली होती. त्यात नवल नव्हतं, ती नेहमीच उतरलेली असायची. जीप आम्ही हँडल मारूनच चालू करायचो. अण्णा हँडल घेऊन पुढे गेले आणि नुसतेच उभे राहिले. हँडल घालायचं भोक जुन्या बंपरमध्ये होतं. नव्या बंपरमध्ये त्या जागी भिड्याने विंचची बैठक दिली होती.

सगळ्यांनी भिड्याकडे पाहिलं. त्याने घसा साफ केला. "हँडल माझ्या शीटवर नव्हतं."

ड्रॉइंग ऑफिसचा कायदाच तसा. जो भाग आपल्या शीटवर नाही तो दुसऱ्या कोणाचा तरी. कारखान्यात तो दुसरा कोणीतरी असायचा. इथे आम्हीच होतो. शेवटी चौघांनी मागून ढकलून लिंबं चिरडली. पुढचे दोन रविवार बैठक वर सरकवून भोक पाडण्यात गेले, अर्थात साडेचारपर्यंत.

*

तपासणी राजाजीनगरला झाली. नवी वस्ती, रस्ते अजून तांबड्या मातीचे. दगडी फरशांनी भरलेली एक बैलगाडी तिथे आसापर्यंत रुतलेली. गाडीवाल्याने बैल सोडून बाजूला बांधले होते आणि स्वतः विडी ओढत दैवावर हवाला ठेवून बसला होता.

अण्णांनी त्याला विचारून दोर बांधला. जीपच्या चाकांना दगड लावले आणि मी दांडा फिरवू लागलो. बैलगाडी हलली, करकरली, आणि सगळ्या फरशांसकट वर आली. बंपरवर भिड्याने कान ठेवला होता. तो नुसता मान हलवत होता, आवाज नाही म्हणून.

गाडीवाला उठला. त्याने आमच्याकडे पाहिलंही नाही. सरळ बंपरपाशी गेला, त्याला हात लावून हात डोळ्यांना लावला आणि बैल जुंपायला लागला.

*

दसऱ्यानंतरचा पाऊस त्या वर्षी दांडगा झाला. रविवारी आम्ही तिघंही अक्कांबरोबर निघालो. हळ्ळावर पोचलो तर अलीकडच्या काठावर एक झाकलेली बैलगाडी खोळंबलेली. आत पहिलटकरीण, पलीकडच्या खेड्यात माहेरी निघालेली. कळा सुरू झालेल्या, आणि बैल पाण्यात पाय घालायला तयार नाहीत. बंगळूर लांब, माहेर समोर दिसत होतं.

अक्कांनी तिला जीपमध्ये मागे आडवी केली, ताडपत्री सोडली. अण्णांनी एकदा बहिणीकडे पाहिलं आणि गाडी पाण्यात घातली.

मध्यावर पुढची चाकं बसली. इंजिन बंद पडलं. पाणी कमरेएवढं, आणि ओढ अशी की जीप बाजूला सरकू लागली. मी आणि भिडे उतरून विंचचा दोर सोडवायला लागलो, आणि पलीकडे पाहिलं. चिंच नव्हती. पुराने नेली होती. दोर बांधायला त्या काठावर एक झुडूपही उरलं नव्हतं.

दवाखान्यासाठी जमलेलं सगळं खेडं काठावर उभं होतं. त्यातून काही माणसं मागे पळाली आणि देवळातून एक दोर घेऊन आली. मांडीएवढा जाड. जत्रेत देवाचा रथ ओढतात तो. पुजारी स्वतः त्याचं टोक घेऊन पाण्यात उतरला आणि बंपरला गाठ मारू लागला. मी मोडक्या कानडीत विचारलं, देवाचा दोर, चालेल का? तो गाठ आवळत म्हणाला, "देवाला वर्षातून एकदाच लागतो."

काठावर बाया-माणसं दोराला लागली. ज्यांचा हात दोराला पोचेना त्यांनी पुढच्याची कंबर धरली. कोणीतरी आरोळी दिली, "एळीरी!" म्हणजे ओढा. दोर ताठ झाला, जीपचं तोंड सरळ झालं, ती हातभर पुढे आली.

तेवढ्यात ताडपत्रीतून अक्कांचा आवाज आला. "थांबा. ओढू नका. सोडूही नका. नुसतं धरून ठेवा."

आणि त्या सगळ्यांनी धरून ठेवलं. कोणी ओढलं नाही, कोणी सोडलं नाही. टाचा चिखलात रुतवून अख्खं खेडं मागे रेलून उभं. पाणी जीपवर आदळत होतं, आणि जीप जागची हलत नव्हती. भिडे गळ्यापर्यंत वाकून पाण्याखाली बोल्टांवर दोन्ही हात ठेवून होता. अण्णांनी स्टीअरिंगवर डोकं टेकलं होतं. मी आयुष्यात पुष्कळ यंत्रं पाहिली, पण माणसांचं असं निश्चल बळ परत पाहिलं नाही.

मग ताडपत्रीत बाळ रडलं.

दोराची रांग तशीच ताठ. फक्त तिच्या शेवटाकडून कोणा म्हातारीने ओरडून विचारलं, मुलगा की मुलगी?

"ते काठावर आल्यावर सांगते," अक्का आतून म्हणाल्या. "आता एळीरी."